तारा वाढतो

आधी दोन्ही हात फाकवायचे, फाकतील तेवढे. मग खांदे आकसत ते हळूहळू जवळ आणायचे आणि आणताना पुटपुटायचं, "आत... आत... आत..." तळव्यांत वीतभर अंतर राहिलं की क्षणभर थांबायचं. पुढच्या बाकांवरची मुलं श्वास धरून बसलेली. आणि मग एकदम टाळी!

या टाळीत मॅडमच्या हातातली एखादी काचेची बांगडी हमखास कामी यायची. तुकडे टेबलावर उडायचे आणि पहिल्या बाकावरच्या मुली एका सुरात म्हणायच्या, "मॅडम, वाढली!"

"वाढली तर वाढली. ताऱ्याचं काय झालं ते बघा," म्हणत मॅडम फळ्याकडे पळायच्या.

शिरूरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. नव्वदीच्या अखेरीची ही गोष्ट. आमचे वर्ग शेजारी शेजारी, मधे पत्र्याचा आडोसा. मी इकडे कवितेतल्या विरहिणीला कसंबसं रडवत आणलेलं असायचं, तेवढ्यात पलीकडून "आत, आत" सुरू व्हायचं आणि माझीही सगळी मुलं पत्र्याला कान लावून टाळीची वाट बघायची. विरहिणी राहायची बाजूला. मला फार राग यायचा. एकदा मी जाऊन सांगितलं, "मॅडम, तुमचा तारा जरा हळू पाडत चला."

खडूचा हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "ताई, त्यो हळू पडतच न्हाई ना! तीच तर गंमत हाय. कोटी कोटी वर्षं निवांत जळतो, आन् आतला गाभा कोसळायला एक सेकंद बी लागत न्हाई."

भरदिवसा तारे दाखवीन, अशी आपल्याकडे धमकी देतात. या बाईंनी तेच काम नोकरी म्हणून पत्करलं होतं.

तुम्हीही अशी एखादी व्यक्ती पाहिली असेल, जिला खुर्चीनं आपली मानलेलीच नसते. मॅडमचा चहा स्टाफरूममध्ये सुरू व्हायचा, प्रयोगशाळेत संपायचा आणि कप सापडायचा भलत्याच खिडकीत. हजेरी त्या चालता चालता घ्यायच्या, त्यामुळे अर्ध्या मुलांची "हजर" त्यांच्या पाठीला ऐकवली जायची. अंगानं काटकुळ्या, उंचीला बेताच्या. मुलांनी नाव ठेवलं होतं भिंगरी. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

माहेर वडगाव रासाईचं, भीमेच्या काठचं. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांच्या वेळेला शेती आली. मेंढपाळाच्या घरातली मुलगी तारे शिकवते म्हटल्यावर पाहुण्यांचे डोळे लगेच ओले व्हायचे. आजोबांनी मांडीवर घेऊन आभाळ दाखवलं असेल, नाही का? मॅडम फटकन म्हणायच्या, "कुठलं वो! आबा वर बघायचं ते ढग हायेत का न्हाई एवढंच. चांदण्या काय मेंढरं खात्यात का?"

तारे त्यांना भेटले ते पुण्याला एम.एस्सी.ला असताना, एका पुस्तकाच्या अर्ध्या पानात. मथळा होता 'मोठ्या ताऱ्यांचा मृत्यू'. एवढा मोठा बाप्या आणि अर्ध्या पानात उरकला, याचं त्यांना जे वाईट वाटलं ते कायमचंच. त्याची भरपाई म्हणून त्या आपल्या वर्गात त्या अर्ध्या पानाला आठ-आठ दिवस द्यायच्या. मग राहिलेला अभ्यासक्रम मार्चमध्ये पळवत न्यायच्या. पळायची सवय होतीच.

त्यांच्यामुळे मला, मराठीच्या बाईला, जे कळलं ते असं. ताऱ्याच्या पोटात चूल असते. आधी हायड्रोजन जळतो, मग त्याची राख जळते, मग त्या राखेची राख. असं करत करत शेवटी लोखंड उरतं आणि लोखंडापाशी सगळं अडतं, कारण लोखंड जाळून ऊब निघत नाही. आतून रेटा देणारी चूल थंड पडली की वरचा सगळा भार आत येतो. आपल्या सूर्यासारखा हलका तारा असेल तर तो साल टाकून निवत जातो. जड असेल तर मात्र टाळी. बाहेरचं सगळं आभाळभर उधळून जातं आणि आत उरतो एक एवढासा गोळा. सूर्याहून जड आणि आकारानं केवढा? मॅडम खिडकीबाहेर हात करायच्या, "शिरूर ते न्हावरे. मधे मावला पाहिजे."

मुलं खिडकीबाहेर बघायची. निम्मी मुलं रोज त्याच रस्त्यानं येत होती.

"आन् त्याहूनबी जड असला तर, मॅडम?" कुणीतरी विचारायचंच.

"मग थांबवणारं कुणीच नाही. आत जातो तो जातोच. उजेडसुद्धा मागे फिरत नाही." वर्गात त्या पुस्तकी बोलायचा प्रयत्न करायच्या, पण हे वाक्य सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. कृष्णविवर त्यांना आवडत नसे. जे काहीच परत देत नाही त्याच्याशी त्यांचं जमायचं नाही. त्यांचा जीव त्या एवढ्याशा गरगरणाऱ्या गोळ्यावर.

तो का गरगरतो हे दाखवायला त्यांनी एकदा प्राचार्यांची फिरती खुर्ची वर्गात आणली. प्राचार्य पुण्याला बैठकीला गेले होते. मॅडम खुर्चीत बसल्या, दोन्ही हातांत माझे दोन जाडजूड शब्दकोश धरून हात लांब केले आणि मुलींना म्हणाल्या, फिरवा. खुर्ची निवांत फिरत होती. मग त्यांनी शब्दकोश छातीशी ओढले आणि खुर्चीला एकदम वारं लागलं. "बघा! आकसलं की वेग वाढतो! तारा आकसला की असाच!" एवढ्यात एक शब्दकोश हातातून सुटला तो खिडकीतून थेट सायकल स्टँडवर. आणि दारात प्राचार्य उभे. बैठक लवकर आटोपली होती.

"सर, जरा थांबा," मॅडम फिरता फिरता म्हणाल्या, "मी थांबतेच आहे."

शब्दकोशाची पाठ निघाली ती निघालीच. मी पंधरा दिवस अबोला धरायचं ठरवलं होतं. तो दुसऱ्या दिवशीच मोडला, कारण आम्ही दोघी दौंडच्या. त्यांचे यजमान रेल्वेत, माझंही घर तिथलंच. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला यायचं, तिथं एसटी बदलून दौंड. एवढा प्रवास रोज शेजारी बसून गप्प राहणं मला जमणारं नव्हतं, आणि त्यांना तर नव्हतंच.

बांगड्या त्या शिरूरच्या बाजारात एका मणेर चाचांकडे भरायच्या. चाचा म्हणायचे, "बाई, तुमी पोरांना शिकिवता का हाणता? परवाच डझन नेल्या की!"

"फुटतात वो चाचा."

"फुटत्यात म्हनू नका दुकानात. वाढल्या म्हना. वाढल्या म्हंजी परत येताल."

बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बांगडी वाढते, नारळ वाढवतात, दिवस कलला की दुकान वाढवतात. संपण्या-तुटण्याचा शब्द जिभेवर नको म्हणून आपण नेमका उलटा शब्द उचलतो. हे मी वर्षानुवर्षं व्याकरणाच्या तासाला शिकवत होते. पण तो शब्द आभाळात नेऊन ठेवण्याचं माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. मॅडमच्या आलं. एके दिवशी पलीकडे टाळी झाली, बांगडी गेली, मुली "वाढली" म्हणाल्या आणि मॅडमचा आवाज आला, "बरोबर! हाच शब्द! तारा मरत नाही पोरांनो. तारा वाढतो!"

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. "मुलांचे मार्क घालवाल तुम्ही. वाढतो काय?"

"मग काय म्हनू? पुस्तकात लिवलंय मृत्यू. मेलेलं मानूस सेकंदाला धा-धा येळा गरागरा फिरतं का?"

"अहो, ती म्हणायची पद्धत आहे."

"ही बी म्हनायचीच पद्धत हाय की. आन् ताई, त्यो आधी खराच वाढतो. फुगतो, तांबडालाल व्हतो, मावंना व्हतो. मंग आतनं कोसळतो. दोनी गोष्टी एका शब्दात बसल्या. तुमच्या त्या दोन शब्दकोशांत हाय का असला दुसरा शब्द?"

एक शब्दकोश तर त्यांनीच फाडला होता. त्या रागात मी डबा अर्धाच खाल्ला.

पुढे त्यांनी मुलांना नारायणगावच्या पलीकडे नेलं. तिथं शेतांमधे आभाळाकडे तोंड करून रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या राहिल्या होत्या, आणि वर्षातून एखाद्या वेळी लोकांना आत सोडायचे. बरोबर मुली म्हणून दुसरी बाई हवी, म्हणून मीही. एका शेडमध्ये एक तरुण शास्त्रज्ञ टेपवर आवाज ऐकवत होता. अशाच एका उरलेल्या ताऱ्याचा आवाज, तबकडीनं टिपलेला. टक टक टक टक, एका लयीत.

"मॅडम, शिलाई मशीन!" एक मुलगी म्हणाली.

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या तरुणाला टेप पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. शेवटी तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मागे रांग आहे."

"हे थांबणार कधी?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू मंदावतो. पण लाखो वर्षं चालेल."

परतीच्या गाडीत मुलं भेंड्या खेळत होती. मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, ज्याला सगळ्यांनी मेला म्हनून लिवून टाकलं, त्यो तिकडं अजून टक टक करतोय. ऐकलं ना तुमी? आता मी कुठल्या तोंडानं मृत्यू म्हनू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी शब्दाचा वाद त्या दिवशी सोडून दिला.

आता मॅडमच्या नोकरीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच अडकलं. आमची विज्ञानाची तुकडी विनाअनुदानित. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर जूनमध्ये नवा आदेश, दर एप्रिलमध्ये घरी. वर्षं चालली होती, पोरं पास होत होती आणि बाईंना मात्र पुढच्या जूनचा भरवसा नव्हता. शेवटी तुकडीला मान्यता द्यायची ठरली आणि एक समिती पाहणीला येणार असं कळलं. समितीपुढे प्रत्येक विषयाचा एक पाठ. तो चांगला झाला, शेरा चांगला आला, की मॅडम कायम. एवढी सरळ गोष्ट होती.

त्या महिन्याभरात मॅडमना बघवत नव्हतं. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायच्या. एसटीत पर्स उघडायच्या, आत काही न शोधता मिटायच्या. एकदा मला म्हणाल्या, "ताई, कायम झाले ना, की मी आधी एक काम करनार. जून आला तरी कुनाच्या केबिनीभाईर हुबी ऱ्हानार न्हाई."

प्राचार्य मनानं चांगले, पण भित्रे. ते रोज बजावायचे, "मॅडम, ओहमचा नियम घ्या. साधी आकृती, साधं गणित. आभाळात जाऊ नका."

"नाही जात, सर."

आणि त्या खरंच गेल्या नाहीत. समितीचे तिघे आले, सरस्वतीच्या फोटोपुढे नारळ झाला, हार झाले. शाल-श्रीफळाची जबाबदारी माझ्याकडे असल्यानं मला भौतिकशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर जागा मिळाली. मॅडमनी ओहमचा नियम असा शिकवला की मलासुद्धा कळला. हात मागे बांधलेले, बोलणं शुद्ध, बांगड्या सगळ्या जागेवर. समितीचे प्रमुख माना डोलावत होते. फाईल मिटून ते उठले, आणि उठता उठता त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं मुलांनी काढलेला ताऱ्यांचा तक्ता लावलेला होता. तो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"अरे वा!" ते कौतुकानं म्हणाले. "सांगा बरं कुणीतरी, मोठ्या ताऱ्याचा शेवट कसा होतो?"

पहिल्या बाकावरची एक ठेंगणी मुलगी उठली. न्हावऱ्याची होती, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. मोठ्या आनंदानं म्हणाली, "सर, वाढतो."

"वाढतो ती आधीची अवस्था. मी शेवट विचारतोय."

"शेवटीच वाढतो, सर."

"म्हणजे मोठा होतो?"

"न्हाई सर, ल्हान होतो."

"वाढतो म्हणतेस आणि लहान होतो म्हणतेस?"

"व्हय सर."

बाकीचे दोघे हसले. प्रमुखही हसले, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. "मॅडम, हे काय शिकवलंय तुम्ही?"

प्राचार्यांनी रुमाल काढला. मॅडमनी मागे बांधलेले हात सोडले. म्हणाल्या, "सर, ती चुकली नाही. मघाशी आपण नारळ काय केला?"

"नारळ?" प्रमुख गोंधळले. "फोडला."

पहिल्या बाकावरच्या साऱ्या मुलींनी एकदम तोंडावर हात ठेवले. कुणीतरी "आई गं" म्हणालं. पूजेचा नारळ फोडला म्हणणारा एवढा मोठा साहेब त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मला हसू आवरेना, मी शालीत तोंड घातलं. मॅडमनी त्यांना वाढवण्याचा अर्थ सांगितला, ताऱ्याचं फुगणं आणि कोसळणं सांगितलं, भराभरा, श्वास न घेता. प्रमुखांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांना अजून दोन कॉलेजं करायची होती आणि जेवणही व्हायचं होतं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण घरची भाषा वेगळी आणि शास्त्राची भाषा वेगळी. तुम्ही असं करा, या मुलीला सांगा की उत्तर चुकलं, 'ताऱ्याचा मृत्यू होतो' असं म्हणायचं. एवढं वाक्य तिच्याकडून म्हणवून घ्या, म्हणजे मला पुढे जाता येईल."

किती सोपं होतं पाहा! प्राचार्य मागून मान हलवून हलवून 'म्हणा, म्हणा' करत होते. मीही मनात म्हणत होते, म्हणा हो बाई, चार शब्दांनी काय बिघडतं, उद्या पुन्हा वाढवा तुमचा तारा. ती मुलगी अजून उभीच होती. तिचा चेहरा उतरला होता आणि ती मॅडमकडे बघत होती.

मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं. आणि त्यांची सगळी शुद्ध भाषा गळून पडली.

"न्हाई सर. मी तिला चूक म्हननार न्हाई. ती बरोबर हाय. मरतो म्हनलं की पोरं वही मिटत्यात, आन् खरं तर तिथनं पुढंच सुरू व्हतं. म्या कानानं ऐकलंय त्ये." मग मुलीला म्हणाल्या, "बस बाळ. तुझं बरोबर हाय."

ती बसली. समिती पुढच्या वर्गात गेली.

आदेश आला तो एप्रिलात, परीक्षा संपता संपता. बाकी सगळ्यांना मान्यता होती. मॅडमच्या नावापुढे शेरा होता, 'विषयज्ञान उत्तम, परिभाषा सदोष'. जूनपासून त्या जागी दुसरी व्यक्ती घ्यायची होती. सदोष! पूजेचा नारळ फोडणाऱ्या माणसानं परिभाषेवर शेरा मारावा! मी स्टाफरूममध्ये एवढ्या मोठ्यानं ओरडले की शिपाई पाणी घेऊन आला. मॅडम मात्र प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर आल्या, पर्स घेतली आणि म्हणाल्या, "चला ताई, गाडी जाईल."

त्यानंतरचं आताच सांगून टाकते, म्हणजे मनातून जाईल. मॅडम पुन्हा कॉलेजात आल्या नाहीत. मे महिन्यात त्यांच्या यजमानांची सोलापूरच्या बाजूला बदली झाली आणि मी सुट्टीत माहेरी असताना दौंडचं बिऱ्हाड हललंही. पुढे कुणी म्हणालं, त्या तिकडे मुलींच्या शाळेत शिकवतात. कुणी म्हणालं, नोकरीचं नाव काढत नाहीत. खरं काय ते मला माहीत नाही. जूनमध्ये शेजारच्या वर्गात नवे सर आले. चांगले होते. त्यांचा आवाज पत्र्यापलीकडून कधी आला नाही आणि माझ्या कविता निर्विघ्न पार पडू लागल्या. मला शिकवण्याचा इतका कंटाळा त्याआधी कधी आला नव्हता.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. एसटीत आम्ही शेजारी बसलो. न्हावरे आलं, गेलं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, माझं चुकलं का?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच सांगते. त्या मुलीला तुम्ही चूक म्हणाला असतात ना, तर मी आयुष्यात तुमच्याशी बोलले नसते."

"मंग असं का व्हतंय? जीव नुसता आतल्या आत ओढल्यावानी."

मी त्यांचा हात धरला. एप्रिलातलं ऊन, आणि हात गार होता. मराठीच्या शिक्षिकेला शब्द सुचत नाहीत तेव्हा काय वाटतं, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

वडगाव रासाईच्या फाट्याच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक बसलं. सगळे उतरलो. ड्रायव्हर आणि कंडक्टर जॅक लावायला लागले, लोक बाभळीच्या सावलीला गेले, कुणी तंबाखू मळायला बसलं. मॅडम रस्त्याच्या कडेनं दोन-तीन येरझारा घालून आल्या. मग म्हणाल्या, "मी व्हते पुढं. तुमी या मागनं गाडीत. वाटंत चढते मी."

"अहो, ऊन बघा केवढं! आत्ता होईल चाक."

"थांबवत न्हाई वो ताई मला."

डोक्यावर पदर घेतला आणि निघाल्या. भरभर, नेहमीच्याच चालीनं. पुढे उसाच्या फडापाशी रस्ता वळतो, तिथंपर्यंत त्यांची निळी साडी दिसत होती.

चाक व्हायला बराच वेळ गेला. गाडी सुटताना कंडक्टरनं माझ्या शेजारी बघितलं. "तुमच्या संगतीच्या बाई?"

"पुढे गेल्यात चालत."

"आरं तिच्या! तिकीट चौफुल्याचं हाय त्यांचं." त्यानं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "मामा, दमानं घ्या. वाटंत एक मॅडम हायेत, निळं पातळ. दिसल्या की थांबा."

आणि मग ती सगळी गाडी मॅडमना शोधायला लागली. फाट्यावर ड्रायव्हरनं वेग कमी केला, मॅडमचं माहेर तिकडचं, म्हणून वडगावच्या रस्त्याकडे मी बोट केलं आणि सगळ्यांनी माना वळवल्या. कुणीच नव्हतं. "त्या बघा!" "न्हाई, ती म्हातारी हाय." "त्या हिरीपाशी?" "ती पाणी शेंदतीया की." दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून लोक वाकून बघत होते. नदीवरच्या पुलावर गाडी अगदी सावकाश गेली. कांद्याच्या रानात बाया वाकलेल्या होत्या, त्यांत एक निळी साडी होती. ती आमची नव्हती. पूल संपला तसा कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं घंटीची दोरी ओढली.

पारगावात माणसं चढली. गाडी भरली. एक तरुण पुढे येऊन माझ्या शेजारच्या जागेकडे बोट दाखवत म्हणाला, "बाई, हितं कोन बसलंय का?"

"हो," मी म्हटलं, "बसल्यात."

त्यानं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वरची दांडी धरली. चौफुल्यापर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मीही काही सरकले नाही.